खेर्डेकर मास्तरांच्या चुकीची विहीर

वाशीम जिल्ह्यात निघाले आहे म्हटल्यावर साताऱ्यातल्या माझ्या शेजारणीनं विचारलं, "तिकडं बघायला काय आहे?"

"एक विहीर," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं. तिचा दोष नाही. नुसती विहीर बघायला महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारी बाई मलाही विचित्रच वाटली असती. आता परत आल्यावर ती पुन्हा विचारते आहे, आणि मी पुन्हा तेच उत्तर देते. फक्त आता तिला बसवून घेते आणि सगळं सांगते. तेच इथं लिहिते आहे.

ज्यांनी खेर्डेकर मास्तरांची पुस्तकं वाचली नाहीत त्यांना आधी मास्तर सांगायला हवेत. ते शाळेत इतिहास शिकवत आणि सुट्टी लागली की सायकल काढत. राजे, लढाया, तह यांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. जुने रस्ते, नदीचे उतार, मुक्कामाची झाडं, पाणवठे आणि तिथं टेकलेली साधी माणसं, हा त्यांचा इतिहास. विद्वानांनी नाकं मुरडली आणि लोकांनी एसटी स्टँडवरून पुस्तकं नेऊन त्यांची पारायणं केली. मास्तरांची एक सवय होती. प्रत्येक गोष्टीशेजारी, पानाच्या कडेला, ते एक बारीक अक्षर छापायला लावत. 'पा' म्हणजे पाहिलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं, 'अं' म्हणजे अंदाज. मी त्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत आले. म्हणजे माझं निम्मं आयुष्य ही तीन अक्षरं जागच्या जागी आहेत ना, हे बघण्यात गेलं.

'मुक्काम, पाणवठे आणि माणसं' हे त्यांचं सगळ्यात खपलेलं पुस्तक. त्यात बोरखेडच्या विहिरीचं प्रकरण आहे. दुष्काळात धान्य लादून निघालेला लमाणांचा तांडा शेलूबाजारजवळच्या बोरखेडला थांबला, गावानं मोट थांबू दिली नाही, माणसांना आणि बैलांना पोटभर पाणी पाजलं, आणि कोण, कुठला, कुठल्या जातीचा हे एकालाही विचारलं नाही. कडेला अक्षर 'ऐ'. गावातल्या एका वृद्धानं सांगितलेलं.

वारण्याआधी थोडे दिवस मास्तरांनी मला बोलावून घेतलं. "माझा रस्ता चुकला," ते म्हणाले. "म्हातारपणी पुन्हा जाऊन आलो. पुसदकडून कारंज्याला जाणारा तांडा बोरखेडला कशाला येईल? वाट केवढी वाकडी पडते. तो मानोऱ्यावरून गेला. तेव्हा मी नुसता नकाशा पाहिला, बैलाच्या पायानं चाललो नाही. त्या आजोबांनी मला थाप मारली आणि मी ती छापली. नव्या आवृत्तीत दुरुस्त कर. पण आधी गावाला सांग. पत्र नको, समोर बसून सांग."

मग मास्तर गेले. नवी आवृत्ती छपाईला जायची वेळ आली आणि मी बॅग भरली. खरं सांगायचं तर चिडूनच भरली. चूक त्यांची आणि प्रवास माझा.

कारंजा लाड

कारंज्यात मी उतरले ते शांतिलालजींकडे. कापडाचं जुनं दुकान, वय ऐंशीच्या घरात, आणि मास्तरांचे असे वाचक की पुस्तकाची कोणती ओळ डाव्या पानावर आहे आणि कोणती उजव्या, तेही सांगतील. दुकानात शिरले तेव्हा नोकर धावत आला, "शेठजी, गाठी घेऊन गाडी आली!"

"पाह्यलेलं का आयकलेलं?" शांतिलालजींनी चष्म्यावरून विचारलं.

"आयकलेलं."

"मंग जाय, पाहून ये."

मी चाटच पडले. ज्या अक्षरांसाठी मी छापखान्यात भांडले ती इथं कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून राहिली होती. शांतिलालजी हसले. "आमच्या इकडं मास्तर वाचणारे सगळे असेच हाये बाई. लगनाचं स्थळ आलं तरी इचारतात, पोरगा पाह्यलेला हाये का आयकलेला."

गावभर कापसाचे ट्रॅक्टर उभे होते आणि रस्त्याच्या कडेला कापूस उडून झुडपांना चिकटला होता. मी जुनी जैन मंदिरं बघत बसले आणि वेळेचं भान सुटलं. घरी पोचले तेव्हा सूर्य मावळला होता, म्हणजे त्या जैन घराचं जेवण आटपलं होतं. आमच्याकडं नऊच्या आत ताट मांडलं तर माणसं विचारतात, आजारी आहे का कुणी? इथं मला एकटीला वाढलं आणि सगळं घर कौतुकानं माझा एकेक घास बघत बसलं. परीक्षेला बसल्यासारखी मी जेवले.

जेवणानंतर शांतिलालजींनी मला बोरखेडचं सांगितलं, आणि माझी झोप उडाली.

"पुस्तक नवीन होतं. आमी चार दोस्त हाती घेऊन बोरखेडले गेलो, इहीर पाहाले. पाटलानं लय खातिर केली. त्याच्याच बापानं मास्तरले गोठ सांगतली होती ना! इहिरीवर नेलं. तथी पाह्यतो त बाजूले बाया उभ्या, रिकाम्या कळशा घेऊन. बौद्धवाड्यातल्या. कोणी वरतून पाणी वाढीन म्हणून वाट पाहून राह्यल्या व्हत्या. म्या इचारलं, पाटील, हे काहून? पुस्तकात त लेहलं हाये की या गावानं कोणाले जात इचारली नाही."

"मग?"

"पाटलाचं तोंड उतरलं. त्याले वाचता येत नव्हतं. म्हणे, काय लेहलं ते वाचा. म्या तथीच, काठावर उभं राहून पूर्ण वाचलं. त्या बायाई आयकून राह्यल्या व्हत्या." शांतिलालजी थांबले. "इथलोग पाह्यलेलं. पुढचं आयकलेलं हाये. चार-आठ दिवसांत पाटलानं इहीर सगळ्याले उघडली. म्हणे, आपल्या बापजाद्यांनं परक्याले पाजलं, आपण गावातल्याले नाही म्हणाव का?"

आपण कशासाठी चाललोय हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. जी थाप दुरुस्त करायला मी निघाले होते, त्या थापेनं एका गावाची विहीर उघडली होती.

मानोरा

सरळ शेलूबाजारला न जाता मी मानोऱ्याची एसटी धरली. मास्तरांच्याच वाचकांच्या हद्दीत चालले होते, तर न पाहता बोलायचं कसं?

मानोऱ्याभोवती तांडेच तांडे आहेत. एका तांड्यात शिरले तर बऱ्याच दारांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली, तीही आमच्या सातारा-कराडकडं. मी त्यांच्या गावात आणि ती माझ्या. मागं राहिलेल्या एका आजीबाईंनी बसवून घेतलं, भाकर वाढली आणि बरोबर ठेचा. मी सातारची, तिखटाच्या बाबतीत माझा तोरा मोठा. पहिल्या घासाला कान बंद झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून धार लागली. आजीबाईंनी न बोलता ताकाचा तांब्या पुढं सरकवला.

दुपारी त्यांच्या मुलानं मला जुनी वाट दाखवली. नदीकडं अलगद उतरत जाणारी, दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद, आणि खाली जनावरांसाठी दगडी कुंड. लादलेला बैल डोळे मिटून उतरेल असा उतार. या खेपेला मास्तरांचं बरोबर होतं. माझ्या मनात कुठंतरी आशा होती की चुकलं असेल, आणि मग मला काहीच सांगावं लागणार नाही. ती तिथं संपली.

शेलूबाजार

मंगरूळपीरवरून शेलूबाजारला पोचले. हमरस्त्यावरचं गाव, जीपवाल्यांची हाकाटी, सोयाबीनची पोती, आणि चहा इतका गोड की कपात चमचा उभा राहावा. तिथं सुमनताई स्कूटी घेऊन मला न्यायला आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, बोरखेडच्या बौद्धवाड्यातल्या. विहीर उघडली त्या दिवसाची आठवण म्हणून गावात दर वर्षी विहिरीवर त्या प्रकरणाचं वाचन होतं, ते त्याच भरवतात. या वर्षीचं वाचन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

माझ्यानं राहवलं नाही. चहाच्या टपरीवरच मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. "मास्तर स्वतः बोलले?"

"हो. आणि मी काल मानोऱ्याची ती जुनी वाट पाहून आले."

"मंग गावाले सांगा. उद्याच सांगा, पाटलाच्या देवरावभाऊच्या समोर. मांगून नोका सांगू."

"ताई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटत नाही कसं?" त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "आता घरोघरी नळ हाये. पाण्याचं भेव नाही मले. पन पुस्तक खोटं ठरलं त उद्या एखादा म्हणन, इहीरबी चुकीनंच उघडली होती. त्याचं भेव वाटते."

स्कूटीवर त्यांच्या मागं बसून मी तुरीची शेतं बघत राहिले.

बोरखेड

सुमनताईंचं घर नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग. हिरव्या तुरीच्या दाण्यांना इथं सोले म्हणतात. सोले घातलेली वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर असं जेवण मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्याकडं तूर म्हणजे फक्त डाळ. कोवळेपणी तिला एवढी चव असते, हे या वयात कळलं.

सकाळी विहिरीवर गाव जमलं. सुंदर बांधलेली विहीर, काठाचे दगड दोरानं घासून खोबणी पडलेले. त्या दिवशी नळ कुणी उघडत नाही, सगळे इथलंच पाणी पितात. वाचायला देवराव बसले. हेच त्या पाटलांचे चिरंजीव, आणि मास्तरांना गोष्ट सांगणाऱ्या आजोबांचे नातू. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण आवाज असा की पलीकडच्या शेतातले बैल मान वर करतील. 'माझ्या आज्यानं सांगतलेलं' म्हणताना त्यांची छाती फुगायची.

वाचन संपलं. देवरावांनी प्रथेप्रमाणे विचारलं, "पाह्यलेलं का आयकलेलं?"

"आयकलेलं!" सगळं गाव एका सुरात ओरडलं. लहान पोरं सगळ्यात मोठ्यानं.

मास्तरांनी हे एकदा ऐकायला हवं होतं. आणि त्याच गावासमोर उभं राहून मला त्यांची चूक सांगायची होती. मी सांगितली. मास्तरांच्या शब्दांत, काही न लपवता, थाप हा शब्दही न गाळता.

देवराव उठून उभे राहिले. "माह्या आज्यानं थाप मारली म्हणता?"

"मास्तर तसं म्हणाले."

"आन् माह्या बापानं थापेवर इहीर उघडली? भावकी तुटली आमची त्या पायी. सोयऱ्यांनं दारातले पाय बंद केले. ते सारं थापेवर?"

त्यांनी पुस्तक मिटलं, सुमनताईंच्या मांडीवर ठेवलं आणि काठी टेकत निघून गेले.

मग सगळे एकदम बोलू लागले. "बाई, नोका ना छापू. कोणाचं काय बिघडून राह्यलं?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मंग आता वाचन बंद कराचं काय?" मला वाटलं, खरंच, काय बिघडणार आहे? मास्तर नाहीत, विचारणारं कुणी नाही. पान जसं आहे तसं ठेवावं आणि एसटी पकडावी. अगदी जिभेवर आलं होतं.

सुमनताई बसूनच बोलल्या. "मास्तरनं तीन अक्षरं शिकोली आपल्याले. जवा आपल्या कामाचं हाये तवा वापरू, आन् आपल्यावर आलं की पुसून टाकू? असं नाही जमत."

लोक पांगले. काठावर भरलेल्या कळशा तशाच राहिल्या. दिवसभर मी अपराध्यासारखी अंगणात शेंगा सोलत बसले, आणि सुमनताई माझ्यासमोर बसून सोलत राहिल्या. त्या मला एका शब्दानं लागेल असं बोलल्या नाहीत. त्यानं जास्तच लागलं.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग दारात ठेवली होती, आणि देवराव आले. सुमनताईंच्या अंगणातल्या बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आजा फेकाडच होता," ते म्हणाले. "माहाच आजा हाये, मले ठाव नाही का? वाघ मारला म्हणे. वाघाची गोठ दर साली मोठी व्हय." ते जरासं हसले. मग हसू गेलं. "पन त्यानं ही एक गोठ छापाच्या माणसाले सांगतली. आन् मंग ते खरी कराचं काम माह्या बापावर आलं. आज्यानं फेकली, बापानं निभावली. रातभर इचार केला बाई. बाप मले काल कळला."

मी म्हटलं, "मास्तरांना हे ऐकून बरं वाटलं असतं."

"लेहा," ते म्हणाले. "नव्या पुस्तकात घाला. बोरखेडच्या इहिरीवर तांडा आला नाही. पन ते पुस्तक आयकून बोरखेडच्या पाटलानं इहीर सगळ्या गावाले उघडली."

मी मुद्रिताच्या पानावर लिहिलं. "अक्षर कोणतं घालू?"

"पा. म्या पाह्यलं ना. काठावर उभा होतो." ते थांबले. आणखी काही बोलायचं होतं, ते ओठांवर येऊन अडत होतं. सुमनताई आतून पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. "अजून एक ओळ लेहा. पाटलाच्या पोरानं, देवरावानं, त्या दिवसापासून त्या इहिरीचं पाणी सोडलं. बापाशी बोलणं सोडलं. पावसाळा लागेलोग मळ्यातलं पाणी आणून पेत होता."

मी लिहायची थांबले. "दादा, हे छापायचं? तुमच्या नावासकट?"

"मंग? मास्तरनं आपली चूक छापाले सांगतली का नाही? त्याह्यची छापाची आन् माही झाकाची?" मग ते एकदम अडखळले. "पन याले अक्षर कोणतं देता? ज्याची गोठ त्याचीच साक्ष मास्तर धरत नव्हते. दुसरं कोणी पाह्यलेलं पाह्यजे. आन् हे त कोणालेच मालूम नाही. मायले मालूम होतं, तेबी गेली."

"मले मालूम हाये, देवरावभाऊ," सुमनताई म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली.

"त्या दिवशी पयली कळशी म्या भरली. मायनं मलेच पुढं केलं होतं, लेकराले कोणी मारणार नाही म्हणून. कळशी वर काढली आन् पाह्यलं त तुमी पाठ फिरवून चालले व्हते. मंग रोज सकाळी तुमी मळ्याकडून घागर आणतानी दिसत. म्या पाह्यलं हाये."

देवराव टोपी हातात फिरवत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "इतके वर्सं काहून नाही बोलली?"

"तुमी दर साली वाचाले येत व्हते ना," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला त्यांच्या पुढं धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी त्या शेवटच्या ओळीशेजारी, पानाच्या कडेला 'पा' लिहिलं. पान गुडघ्यावर धरूनच लिहिलं, त्यामुळं अक्षर वाकडं आलं, आणि छापखान्यातल्या माणसानं मला परत आल्यावर विचारलं की बाई, हे नक्की काय आहे.